वाफेचं इंजिन चालायचं कसं, आणि बंद का झालं

तुम्ही चार गोष्टी विचारल्यात. पाणी उकळून चाक फिरतं कसं, इंजिन ‘छुक छुक’च का करतं, डिझेलपेक्षा कमी ताकदीचं होतं म्हणून ते काढलं का, आणि पॉलिटेक्निकच्या प्रोजेक्टसाठी चालतं मॉडेल करायचं तर बॉयलर कशाचा करावा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो: बॉयलर करू नका. का, ते खाली येईलच.

मी स्टीम शेडमध्ये बॉयलरच्या बाजूला होतो, डिझेल आल्यावर तिकडे गेलो. ड्रायव्हरला विचारलंत तर तो रेग्युलेटरच्या, म्हणजे वाफ सोडायच्या, दांड्यापासून सुरुवात करेल. बॉयलरवाला पाण्यापासून करणार, आणि सोलापूरकडे तर ती पाण्यापासूनच करायला हवी.

वाफेचं इंजिन म्हटलं की सगळ्यांना कोळसा आठवतो. पण वजनानं पाहिलं तर इंजिन कोळशाच्या सहापट पाणी पितं. बऱ्यापैकी प्रतीचा एक किलो कोळसा साधारण सहा-सात किलो पाण्याची वाफ करतो. डब्ल्यूपी किंवा डब्ल्यूजी जातीचं मोठं इंजिन जड गाडी घेऊन निघालं की तासाला आठ-दहा हजार लिटर पाणी सहज जायचं. टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्यात, मावायचं वीस-पंचवीस हजार लिटर. म्हणजे दोन-अडीच तासांत टाकी तळाला. म्हणून ठरावीक स्टेशनांवर उंच टाकी आणि फलाटाच्या टोकाला तो वळणारा पाण्याचा नळ असायचाच. १८६० साली रूळ सोलापूरला आले तेव्हा या कोरड्या मुलखात नुसते रूळ टाकून भागणार नव्हतं, वाटेत पाण्याची सोय लावत यावं लागलं. (जाता जाता: बोरघाटाची वाट पुरी झाली १८६३ साली. म्हणजे सोलापूरला गाडी आली तेव्हा मुंबईपर्यंत सलग रूळच नव्हते. इकडची पहिली इंजिनं घाट रुळांवरून चढून आली असणं शक्य नाही.)

आता, इतकं पाणी जातं कुठं? इथे मिलचं इंजिन आणि रेल्वेचं इंजिन शेजारी ठेवून बघा. सोलापुरात दोन्ही होती. जुनी मिल १८७७ साली सुरू झाली, आणि त्या काळातल्या कापडगिरण्या वाफेवरच चालत. गिरणीच्या इंजिनाला जागेची कमी नसते. काम करून आलेली वाफ कंडेन्सरमध्ये थंड पाण्यानं निववायची. वाफेचं पाणी झालं की तिथे पोकळी तयार होते, पिस्टनच्या पलीकडचा विरोध कमी होतो, आणि गरम पाणी पुन्हा बॉयलरला मिळतं. भट्टीला हवा ओढायला भली उंच चिमणी असते. तापलेला धूर हलका होऊन वर चढतो आणि खालून ताजी हवा आपोआप आत येते. चिमणी म्हटलं की सोलापूरकराला हल्ली विमानतळापायी २०२३ साली पाडलेली साखर कारखान्याची चिमणीच आठवते, पण गिरण्यांच्या चिमण्याही काही कमी उंच नव्हत्या.

रेल्वेच्या इंजिनाला हे दोन्ही जमत नाही. कंडेन्सर आणि त्याला लागणारं थंड पाणी चाकांवर घालून हिंडणं परवडत नाही, आणि पुलाखालून जायचं असल्यानं चिमणी वीतभरच ठेवावी लागते. म्हणजे वापरलेली वाफ टाकून द्यायची आणि शिवाय भट्टीला हवाही नाही, अशा दोन अडचणी. या दोन्ही एकमेकींच्या गळ्यात बांधल्या, हीच वाफेच्या इंजिनातली खरी हुशारी. सिलिंडरमधून सुटणारी वाफ एका तोटीतून चिमणीच्या बरोबर खाली वर सोडायची. ती जोरात वर जाताना समोरच्या पेटीतला धूर बरोबर ओढून नेते. त्या पेटीला आम्ही स्मोकबॉक्स म्हणायचो. तिथला दाब उतरतो, मग नळ्यांतून भट्टीतला जाळ पुढे खेचला जातो आणि जाळीखालून नवी हवा कोळशात घुसते. चुलीला आपण फुंकणी खालून मारतो. इथे चूल वरून ओढली जाते.

याचा परिणाम बघा. चढ लागला की ड्रायव्हर जास्त वाफ सोडतो. जास्त वाफ बाहेर पडली की ओढ वाढते, ओढ वाढली की आग भडकते, आग भडकली की वाफ जास्त तयार होते. जेवढी मागणी तेवढी आग, मधे कुठलाही गव्हर्नर (आपोआप कमी-जास्त करणारा भाग) नाही. मी डिझेलच्या इंजेक्शन पंपावरही काम केलंय आणि त्याचे गव्हर्नर उघडून बसवलेत. इतकं साधं आणि इतकं नेमकं स्वनियंत्रण मला दुसऱ्या कुठल्या यंत्रात भेटलं नाही.

हे सुचलं कोणाला, याचं श्रेय एकाला देता येत नाही. ट्रेव्हिथिक नावाच्या इंजिनिअरनं १८०४ च्या फेब्रुवारीत वेल्समध्ये १० टन लोखंड आणि ७० माणसं वाफेवर ओढून दाखवली. त्याच्या इंजिनाची वाफ चिमणीतच जायची. पण बिडाचे रूळ त्या वजनाखाली मोडायला लागले आणि प्रकरण तिथेच थांबलं. इंजिन तयार होतं, वाट तयार नव्हती. मग १८२९ च्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये रेनहिलला इंजिनांच्या चाचण्या झाल्या, ५०० पौंडांचं बक्षीस होतं, आणि स्टीफन्सन पितापुत्रांचं ‘रॉकेट’ जिंकलं. रॉकेटच्या बॉयलरमध्ये एका जाड नळीऐवजी तांब्याच्या २५ बारीक नळ्या होत्या. जाळ जितक्या नळ्यांत वाटला जाईल तितका पाण्याला लागणारा तापलेला पत्रा वाढतो. वेगळी भट्टी, पुष्कळ नळ्या, चिमणीतली वाफेची ओढ आणि पिस्टनपासून थेट चाकाला दांडा, एवढं सगळं १८२९ मध्ये एका गाड्यावर आलं. पुढे सुधारणा ढीगभर झाल्या, पण चित्तरंजनच्या कारखान्यातून १९७२ साली शेवटचं वाफेचं इंजिन बाहेर पडलं तेव्हाही हा सांगाडा तोच होता.

आता वाफेचा प्रवास. भट्टीच्या चारही बाजूंना आणि डोक्यावर पाणी असतं. डब्ल्यूपीचा दाब चौरस इंचाला २१० पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला पावणेपंधरा किलोच्या आसपास. या दाबाला पाणी १०० अंशांना उकळत नाही, २०० च्या जवळ उकळतं. एक लिटर पाण्याची उघड्यावर वाफ केली तर ती सोळाशे-सतराशे लिटर जागा घेते. बॉयलरच्या दाबात तीच वाफ १३० लिटरच्या आसपास कोंडलेली असते. ती फुगू पाहते, आणि त्या फुगण्यातला थोडा भाग आपण पिस्टन ढकलायला वापरतो. एवढंच काय ते इंजिन. वाफ घुमटातून रेग्युलेटरमार्फत निघते, सुपरहीटरच्या नळ्यांतून परत जाळात जाऊन आणखी तापते आणि मग सिलिंडरला येते. ओली वाफ थेट सिलिंडरला दिली तर थंड भिंतींना लागून तिचं पाणी होतं आणि मेहनत वाया जाते.

सिलिंडरमध्ये पिस्टनच्या एकदा पुढून, एकदा मागून वाफ द्यायची. पिस्टनचा दांडा, क्रॉसहेड, मग कनेक्टिंग रॉड आणि चाकावरची पिन. हे भाग पुस्तकात आहेत, त्यावर वेळ घालवत नाही. दोन बाजूंच्या पिना एकमेकींशी काटकोनात असतात, ते मात्र लक्षात ठेवा. एका बाजूचा पिस्टन टोकाला अडला तरी दुसरी बाजू मधे असते, त्यामुळे इंजिन कुठेही थांबलं तरी निघू शकतं. दोन सिलिंडर, प्रत्येकी दोन धक्के, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा वाफ चिमणीतून सुटते. तुमची छुक छुक ती हीच. डब्ल्यूपीचं चाक १,७०२ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे घेर ५.३५ मीटर. ताशी २० किलोमीटरला सेकंदाला चार ठोके पडतात, ते मोजता येतात. ७२ ला सेकंदाला पंधरा, आणि तिथे नुसती घरघर उरते. चारांतला एक ठोका लंगडा ऐकू आला की व्हॉल्व्ह सेटिंग (वाफ आत-बाहेर सोडायची वेळ) बिघडलंय, हे इंजिन शेडच्या फाटकात शिरतानाच फिटरला कळायचं.

ड्रायव्हरची कसोटी दुसऱ्या दांड्यावर. रिव्हर्सर फक्त पुढे-मागे जायला असतो असं लोकांना वाटतं. त्यानं कट-ऑफ ठरतो, म्हणजे पिस्टन किती सरकेपर्यंत वाफ आत सोडायची ते. निघताना पाऊण अंतरापर्यंत वाफ द्यावी लागते. वेग आला की वीस-पंचवीस टक्क्यांवर वाफ तोडायची आणि उरलेला पिस्टन तिच्या फुगण्यावर जाऊ द्यायचा. जो ड्रायव्हर कट-ऑफ आवरायचा नाही, त्याचा फायरमन घामाघूम व्हायचा आणि टेंडर पुढच्या नळाच्या आधीच रिकामं व्हायचं. काळ्याकुट्ट धुराबद्दलही एक सांगतो, कारण फोटो काढणाऱ्यांना तो फार आवडतो. काळा धूर म्हणजे न जळता बाहेर गेलेला कोळसा. चांगल्या फायरमनचा धूर फिकट असायचा. फावडं थोडं थोडं पण वरचेवर, आणि आग पातळ.

आता ताकद. डब्ल्यूपीचा सिलिंडर सव्वावीस इंचांचा, स्ट्रोक (पिस्टनची सरक) २८ इंच, चाक ६७ इंच. दाबाचे ८५ टक्के गुणिले व्यासाचा वर्ग गुणिले स्ट्रोक भागिले चाक असं करून बघा, ३०,६०० पौंड येतील, म्हणजे १३.९ टन जोर. डब्ल्यूजीचा याच हिशेबानं १७.६ टन. आता दुसरीकडून या. डब्ल्यूपीला पिस्टननं फिरणारे, एकमेकांना जोडलेले आस (चाकांच्या जोडीमधले दांडे) तीन, प्रत्येकी साडेअठरा टन, एकूण ५५.५ टन. डब्ल्यूजीला चार, म्हणजे ७४ टन. दोन्हीकडे जोर हा चालत्या चाकांवरच्या वजनाच्या एक चतुर्थांशाजवळ येतो. हा योगायोग नव्हे. कोरड्या रुळावर लोखंडी चाकाची पकड जवळपास तेवढीच धरता येते. त्याहून मोठा सिलिंडर लावलात तर इंजिन जास्त ओढणार नाही, जागच्या जागी चाकं फिरवेल. म्हणून चाकापुढे वाळू सोडायची सोय असते. इंजिनाची ताकद सिलिंडर नव्हे, रूळ ठरवतो.

एक टन वजन सपाटीवर ओढायला चार-पाच किलो जोर पुरतो. रस्त्यावर बैलगाडीला याच्या कितीतरी पट लागतो, रेल्वेची सगळी कमाई तिथेच आहे. पण बोरघाटाच्या ३७ फुटांत एक फूट चढाला त्याच टनाला आणखी २७ किलो लागतात. घाटात मागून जादा इंजिनं का लावतात, ते या दोन आकड्यांत आलं.

रूळ ताकद ठरवतो याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात होतं, बार्शी लाईट. बार्शी कापसाची मोठी पेठ, आणि जीआयपीची, म्हणजे मुंबईहून आलेल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, लाईन ३५ किलोमीटरवरून निघून गेलेली. कुर्डुवाडी स्टेशनाचं जुनं नावच बार्शी रोड. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं तिथे १८९७ साली अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर गेजची (दोन रुळांमधल्या अंतराची) लाईन सुरू केली. त्याचं म्हणणं होतं, रूळ हलका ठेवा, यार्डाला ३० पौंडांचा, आणि इंजिन असो की डबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन येऊ देऊ नका. मग इंजिनाला जोर द्यायचा तर आस वाढवायला हवेत. लीड्सच्या किटसन कंपनीनं त्याला आठ जोडलेल्या चाकांची टँक इंजिनं (टेंडरशिवाय, पाणी स्वतःवरच वाहणारी) करून दिली. चार आस, प्रत्येकी पाच टन, म्हणजे २० टनांची पकड आणि फार तर पाच टन जोर. वरचाच हिशेब.

ही लाईन १९०६ साली पंढरपूरला गेली, १९११ ला लातूरला, १९२७ ला मिरजेला, मिळून ३२५ किलोमीटर. सरकारनं ती १९५४ साली विकत घेतली. तिची थट्टा अजून ऐकू येते, की माणूस चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढायचा. मला ती थट्टा फारशी पटत नाही. पाच टनांचा आस, लहान चाकं आणि कमी खर्चात टाकलेली वाट यांतून जेवढा वेग निघायचा तेवढा निघत होता. वारीच्या दिवसांत मालडब्यांत वारकरी बसवून हीच गाडी पंढरपूर गाठायची. होटगीकडून गदगला जाणारी मीटरगेज वेगळी होती. एका जिल्ह्यात तीन गेज, म्हणजे तीन मापांचे बॉयलर, तीन मापांचे सुटे भाग, आणि माल या गाडीतून त्या गाडीत टाकणारे हमाल.

आता ते बंद का झालं. वेग कमी होता म्हणून नव्हे. इंग्लंडच्या ‘मॅलार्ड’ या वाफेच्या इंजिनानं १९३८ साली ताशी २०३ किलोमीटर गाठले होते. जोराचा मुद्दा मात्र खरा आहे, पण लोक सांगतात त्या अर्थानं नाही. डब्ल्यूजी टेंडरसकट पावणेदोनशे टनांच्या घरात, आणि त्यातले फक्त ७४ टन पकडीला उपयोगी. बाकीचं वजन पाणी, कोळसा आणि मोकळी चाकं. डब्ल्यूडीएम-२ डिझेल साधारण ११३ टनांचं, पण त्याच्या सहाही आसांना मोटर, म्हणून सगळं वजन पकडीला आणि सुरुवातीचा जोर ३० टन. दोन डिझेलं जोडून एकाच ड्रायव्हरनं चालवता येतात. वाफेला प्रत्येक इंजिनामागे ड्रायव्हर आणि दोन फायरमन हवेत.

आणि खरा फरक इंजिन उभं असताना पडायचा. फेरी संपवून आलेलं इंजिन आधी राखेच्या खड्ड्यावर. आग साफ करा, क्लिंकर (राखेचे घट्ट गोळे) फोडून काढा, स्मोकबॉक्स उपसा, नळ्या झाडा, कोळसा, पाणी, वाळू भरा, टर्नटेबलवर फिरवा. थंड इंजिन पेटवून दाबाला आणायला सहा-आठ तास, घाई केली तर पत्रे असमान तापून गळायला लागतात. शिवाय वॉशआउट, ते माझं काम. पाण्याची वाफ होते, क्षार मागेच राहतात. आपल्याकडच्या विहिरींचं पाणी जड. क्षार वाढले की पाणी फेसाळून वाफेबरोबर सिलिंडरला जातं. पाणी दाबलं जात नाही, मग सिलिंडरचं झाकणच फुटतं. क्षारांचा थर पत्र्यावर बसला की उष्णता पलीकडे जात नाही आणि पत्रा लाल होतो. म्हणून ठरल्या दिवसांनी इंजिन पूर्ण निववून, प्लग काढून, पाण्याच्या जोरदार धारेनं आतला गाळ धुवायचा. तेवढा वेळ इंजिन कमाईला नाही. एवढं करून कोळशातल्या उष्णतेपैकी गाडी ओढायला मिळायची पाच ते आठ टक्के. बाकी बरीचशी चिमणीतून त्या टाकलेल्या वाफेबरोबर जायची. ज्या युक्तीनं इंजिन चाललं, तिचीच ही किंमत होती.

तरीही ब्रिटननं १९६८ ला वाफ संपवली आणि आपल्याकडे ब्रॉडगेजवर ती १९९५ च्या डिसेंबरपर्यंत टिकली, याला मी मागासपणा म्हणणार नाही. कोळसा देशातला होता, डिझेलला परकीय चलन लागायचं, आणि कुर्डुवाडीसारख्या वर्कशॉपमध्ये इंजिनाचा जवळजवळ प्रत्येक भाग घडवता यायचा. आपल्या कोळशात राख फार, म्हणून डब्ल्यूपीची भट्टी मुद्दाम रुंद केलेली. अमेरिकेच्या बाल्डविननं १९४७ साली बांधली असली तरी ती आपल्या कोळशासाठीच बेतलेली होती. पुढे २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, पहिल्या खेपेला दहा टँकर, पाच लाख लिटर, पंढरपूर-कुर्डुवाडीमार्गे, म्हणजे रुंद झालेल्या बार्शी लाईटच्याच वाटेनं. त्या दुष्काळात इंजिनांनाही तासाला आठ-दहा हजार लिटर पाजावं लागलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशेब तुम्हीच करा.

आता मॉडेल. वाफेच्या इंजिनात सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे भट्टीच्या डोक्यावरचं पाणी. ते खाली गेलं की वरचा पत्रा उघडा पडतो, मऊ होतो आणि दाबानं फाटतो. म्हणून तिथे शिशाचा प्लग असतो, तो आधी वितळतो आणि वाफ आगीवर सोडून धोका कळवतो. पाणी किती आहे ते दाखवणारी काच दोन ठिकाणी असायची आणि दोन्ही तपासायच्या. नुसती वाफ सुटली तर माणूस भाजतो. पण दाबातलं १८०-२०० अंशांचं पाणी एकदम उघडं पडलं तर त्यातलं बरंचसं क्षणात वाफ होतं आणि अख्खा बॉयलर उडतो. जुन्या गॅस सिलिंडरला वेल्डिंग करून बॉयलर केलेले व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेसर असेलच. इंजिन हवेवर चालवा, दोन-तीन किलो दाब पुरे. पिस्टन, व्हॉल्व्ह, कट-ऑफ सगळं तसंच दाखवता येतं. दोन सिलिंडर करा, एकावर भागवू नका, नाहीतर ते टोकाला अडून बसेल आणि परीक्षकांपुढे हातानं ढकलावं लागेल. व्हॉल्व्ह जुळवताना आधी हवा बंद ठेवून चाक हातानं फिरवा आणि पोर्ट (हवा आत जायचं तोंड) दोन्ही टोकांना सारखं उघडतंय का ते बघा. मग हवा द्या आणि ठोके ऐका.